खोत डॉक्टरांची अमेरिकन गुरं

अमेरिकेतला गोमांसाचा एवढा अवाढव्य धंदा कुणी उभा केला, असं खोत डॉक्टरांना विचारलं, तर ते जराही न अडखळता "आम्ही" म्हणून सांगायचे. हे 'आम्ही' म्हणजे भारत देश नव्हे, महाराष्ट्रही नव्हे. 'आम्ही' म्हणजे मिरजेच्या आसपासचा कृष्णेचा काठ, आणि त्यातही शक्यतो त्यांचं गाव. विचारणारा हसला तर ते चिडत नसत. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत आणि "बसा, सांगतो" म्हणत. मग बसावंच लागायचं. दुबईकडच्या अल ऐनमधल्या आमच्या त्या फार्मवर असा एकही माणूस नव्हता, जो कधी ना कधी त्यांच्यापुढे बसला नव्हता.

मी त्या फार्मच्या ऑफिसात होतो, नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून ते नवं शतक लागून दोनचार वर्षं होईपर्यंत. पत्रं टाइप करायची, आणि मालक अरबीत बोलले की ते बाकीच्यांना हिंदीत नाहीतर इंग्रजीत सांगायचं, एवढं माझं काम. मी डोंबिवलीचा. गाय आणि म्हैस यांतला फरक मला दुधाच्या पिशवीच्या रंगावरून कळायचा. मालकांना सगळे अरबाब म्हणत. उंटांवर जीव असलेला, कमी बोलणारा वयस्क माणूस. खोत डॉक्टर आले तेही त्यांच्या उंटांसाठीच. सांगलीकडच्या सरकारी गुरांच्या दवाखान्यात बरीच वर्षं काढून, वरच्या साहेबाशी भांडून ते इकडे आले होते. भांडण कशावरून झालं ते त्यांनी मला अनेकदा सांगितलं. कारण दर वेळी वेगळं असायचं, डॉक्टरांचं बरोबर होतं एवढं मात्र कायम.

माणूस उंच, सावळा, मिशा भरघोस. मरणाच्या उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेन आणि थर्मामीटर शेजारीशेजारी. एकदा अरबाबांसमोर सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी पेन म्हणून थर्मामीटर बाहेर काढला. सहीआधी तो सवयीने झटकलासुद्धा. अरबाब त्या दिवसानंतर कागदाबरोबर स्वतःचं पेन पुढे करू लागले.

जनावर तपासायची त्यांची एक रीत होती. आधी काहीच करायचं नाही. हात पाठीमागे बांधून त्याच्या शेजारी नुसतं उभं राहायचं. गुरांची देखभाल करणारा आमचा पठाण, गुल खान, त्याला सुरुवातीला वाटलं होतं की डॉक्टर दुवा मागताहेत. मग हळूच हात मानेखाली जायचा, गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीवर, जिला ते पोळी म्हणत. मग गप्पा सुरू. त्या अर्थातच मराठीत. पुढे फार्मवर अमेरिकेची गुरं आली तेव्हा, यांच्याशी इंग्रजीत बोला, असं मी एकदा म्हटलं तर म्हणाले, "त्यांना काय इंटरव्ह्यू द्यायचाय?" परिणाम असा झाला की नेब्रास्काहून आलेल्या गाई "सर मागं" म्हटल्यावर मागे सरायला लागल्या, आणि गुल खानही तेच म्हणायला लागला. ते इंग्रजी आहे अशी त्याची समजूत होती.

प्रत्येक चांगली गोष्ट कृष्णाकाठची, असा त्यांचा सरळ हिशेब. शुक्रवारी भाजी घ्यायला आम्ही एकत्र जायचो. तिथे वांगी हातात घेऊन ते फिरवून फिरवून बघायचे आणि परत ठेवायचे. "कृष्णाकाठची नव्हेत," असं त्या केरळी भाजीवाल्याला मराठीतून ऐकवायचे. तो बिचारा "सॉरी सर" म्हणायचा. डॉक्टरांच्या पत्नी, सुमनवहिनी, मागून येऊन तीच वांगी गुपचूप पिशवीत भरायच्या. दुपारी मटणाच्या तांबड्या रश्श्याशेजारी त्याच वांग्यांचं भरीत असायचं आणि डॉक्टर ते चाटूनपुसून खायचे. मटण त्यांना प्राणप्रिय. गाईचं मांस मात्र कधी ताटात घेतलं नाही. खात नाही तर या धंद्यात कशाला, असं कुणी टोचलं तर म्हणायचे, सोनार काय सगळे दागिने अंगावर घालून बसतो का. हे उत्तर चलाख होतं, पण खरं नव्हतं. खरं उत्तर मला फार उशिरा कळलं.

त्या दिवसांत दुबईत हॉटेलं भराभर उभी राहत होती आणि हॉटेलांना अमेरिकन पद्धतीचं गोमांस हवं होतं. अरबाबांनी तो धंदा काढायचं ठरवलं. नेब्रास्काहून एक सल्लागार आणला, रॉय टकर नावाचा. साठीचा, लालबुंद, मोठी हॅट, बोलणं अतिशय मऊ. त्याने कॅटलॉगमधून तांबड्या अंगाची, पांढऱ्या तोंडाची इंग्लिश वंशाची गुरं निवडली. अरबाब पानं उलटत होते. एका पानावर थांबले, चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, हीसुद्धा आणा. चित्रात राखाडी रंगाची, पाठीवर वशिंड असलेली गुरं होती. रॉयने माझ्यामार्फत समजावलं की ही टेक्सासकडच्या उष्ण, दलदलीच्या भागातली जनावरं, उन्हात तगतात, पण मांस तितकं मऊ नाही. अरबाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, ज्याला वशिंड आहे तो वाळूत जगतो, खलास.

गुरं ट्रकने फार्मवर आली त्या दिवशी सगळे हजर होतो. तांबड्या गाई उतरल्या. डॉक्टर एकेकीकडे नजर टाकून मान हलवत होते, परीक्षेचा पेपर सोपा निघाल्यासारखे. मग दुसऱ्या ट्रकची फळी पडली आणि राखाडी वळू खाली उतरला. भलं मोठं वशिंड, लोंबती पोळी, कान खाली पडलेले, शिंगं शाबूत. डॉक्टर बोलायचे थांबले. त्यांचं बोलणं मधेच थांबलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. ते पुढे गेले. गुल खान ओरडला की नवीन जनावर आहे, मारेल. डॉक्टरांनी वळूच्या गळ्याखाली हात घातला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "कुठं हुतास रं इतकी वर्सं?"

वळूने त्यांचं मनगट चाटलं. घामाच्या मिठासाठी असेल, रॉयचं तेच म्हणणं होतं. डॉक्टरांचं म्हणणं, त्याने ओळखलं. त्याच दिवशी त्याचं नाव पडलं पैलवान.

त्यानंतर रोज संध्याकाळी गाफच्या, म्हणजे तिकडच्या शमीसारख्या झाडाखाली रॉयची आणि डॉक्टरांची अशा दोन खुर्च्या, बिनदुधाचा सुलेमानी चहा आणि दोन इतिहास. रॉयचा इतिहास त्याच्या घराण्याचा. पणजोबाने टेक्सासमधली लांब शिंगांची, अर्धी रानटी गुरं महिनोन्महिने हाकत कॅन्सासच्या रेल्वेपर्यंत आणलेली. मग मोकळ्या रानाला काटेरी तारा लागल्या आणि हाकणाऱ्यांचं काम संपलं. गुरं आगगाडीने शिकागोला जाऊ लागली, पुढे डब्यांमध्ये बर्फ भरायची युक्ती निघाली तेव्हा जिवंत जनावराऐवजी नुसतं मांसच पूर्वेच्या शहरांना पोचू लागलं. मग मका. मोठमोठ्या कुंपणांत गुरं उभी करून त्यांना मका चारायचा, म्हणजे मांसात चरबीचे बारीक धागे उतरतात आणि ते तोंडात विरघळतं. हे सांगताना रॉयचा आवाज आणखी मऊ व्हायचा. त्यात पणजोबा होते, आजोबा होते, हिमवादळात कळपासकट गेलेला एक काका होता. मला त्याचं ऐकायला आवडायचं. डॉक्टरांनाही आवडायचं, पण ते तसं दाखवत नसत.

"हे सगळं खरं," ते म्हणत. "पण तुमच्या दक्षिणेत काय झालं, ते सांगा."

दक्षिणेत ऊन होतं आणि गोचीड होती. विलायती रक्ताची देखणी गुरं तिथे तापाने पटापट मरायची. तेव्हा हिंदुस्थानातून जहाजांनी वळू गेले. गीर, कांकरेज, ओंगोल आणि डॉक्टरांच्या कृष्णाखोऱ्याचे. त्या रक्तातून अमेरिकेने नवी जात बांधली, तीच पैलवानाची जात, तिला ऊन लागत नव्हतं आणि गोचीड चावत नव्हती. "आणि नाव काय ठेवलं माहितीय? ब्राह्मण." एवढं सांगून डॉक्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. मांसाच्या धंद्यात ब्राह्मण, हे मराठा माणसाला किती सुखावतं ते रॉयला मी कधीच नीट समजावून सांगू शकलो नाही. रॉय एकदा म्हणाला, चार जातींतली एक तुमची, म्हणजे तुमचा वाटा फार तर पाव. डॉक्टर म्हणाले, "आमटीत मीठ किती असतं? काढून बघा."

पुढच्या वर्षी मे महिन्यात डॉक्टर सुट्टीवर गावी गेले आणि सुट्टी संपायच्या आधीच परत आले. रॉयने विचारलं, बघितली का तुमची गुरं? डॉक्टर म्हणाले, बघितली की, शिवारं भरलीत. मग चहा न घेताच उठून गेले.

खरं काय ते सुमनवहिनींनी मला सांगितलं. तिथे होता तोवर हा माणूस भावाच्या मोटरसायकलवरून काठाकाठाने हिंडला. त्यांच्या लहानपणी दारोदार दिसणारी ती धिप्पाड, राखाडी बैलजोडी कुठेच नव्हती. काळ्या चिकट रानात नांगर ओढायला ती पोसलेली होती, आणि नांगर आता ट्रॅक्टर ओढत होता. गोठ्यात जर्सी होती, दारात ट्रॉली होती. एका गावात कुणीतरी सांगितलं म्हणून मोठ्या आशेने गेले, तर तिथल्या म्हाताऱ्याने भिंतीवर टांगलेली घुंगरमाळ दाखवली. "त्या दिवशी जेवले नाहीत," वहिनी म्हणाल्या. "मला म्हणाले, सुमन, आपलीच जात बघायला मला आता अल ऐनला जायला पाहिजे. कुणाला सांगू नका हं भाऊजी. त्यांना लाज वाटते."

मी कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर पैलवानाच्या कुंपणाशी हात मागे बांधून उभे असलेले डॉक्टर दिसले की मला ते वेगळे दिसायचे. त्यांची बढाई ऐकून मी हसायचो, ते हसणं तेव्हापासून थांबलं.

आणि नेमक्या त्याच सुमाराला अरबाबांचा धाकटा मुलगा अमेरिकेत शिकून परत आला आणि त्याने फार्मचा कारभार हातात घेतला. सगळे त्याला धाकटा शेख म्हणत. हुशार मुलगा, वागायला नम्र, पण घाईचा. हॉटेलांचे मुख्य आचारी वशिंडवाल्या जनावरांच्या मांसाला नाक मुरडत होते, चरबीचे धागे नाहीत म्हणून. त्याने बैठक बोलावली आणि सांगितलं की राखाडी गुरं काढून टाकायची, वळूपासून सुरुवात करायची. रॉयने मान डोलावली. त्याचं मत पहिल्यापासून तेच होतं, ते त्याने लपवलंही नव्हतं.

डॉक्टर उभे राहिले. त्यांचं म्हणणं होतं की वळूला तांबड्या गाईंवर सोडा. वासरांना बापाची कातडी मिळेल आणि आईचं मांस. रॉय म्हणाला, त्याने माझा कळप बिघडेल, पिढ्यान्‌पिढ्या निवडून हे रक्त तयार झालंय. वाद वाढला. मी तिन्ही भाषांत घामाघूम झालो. शेवटी धाकट्या शेखने डॉक्टरांना सरळ विचारलं, आणि त्यात उपहास नव्हता, की तुम्ही हे मांस खात नाही, तुमच्या धर्मात ते पाप आहे, मग वासरं झाली तरी शेवटी ती कापलीच जाणार, तुम्ही नक्की वाचवताय काय?

खोलीत सगळे डॉक्टरांकडे बघायला लागले. डॉक्टर म्हणाले, "कापायची तर कापा. बियाणं ठेवून बाकीचं खायचं, हा शेतकऱ्याचा कायदा आहे. मी तुम्हाला खाऊ नका म्हणत नाही. बियाणं खाऊ नका म्हणतोय."

हे मी अरबीत सांगितलं तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या अरबाबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. एक संधी द्या म्हणाले. अर्ध्या तांबड्या गाई पैलवानाकडे जातील, अर्ध्या रॉयच्या तांबड्या वळूकडे. हिवाळ्यात वासरं होतील. पुढचा उन्हाळा त्यांनी काढायचा, आणि ऑगस्ट संपला की दोन्हींचं वजन करायचं. पैलवानाची मागे पडली तर पैलवान आणि त्याच्या राखाडी गाई कत्तलखान्यात. डॉक्टर म्हणाले, "मग त्या दिवशी मलाही तिकीट द्या." रागाच्या भरात बोलले असतील असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच पुन्हा शांतपणे सांगितलं.

वासरं झाली. पैलवानाची पोरं तांबूस-राखाडी, कानांनी लांबोडकी, मानेमागे बोटभर उंचवटा. दिसायला रॉयच्या वासरांपुढे अगदीच वेंधळी. डॉक्टर त्यांना "पैलवानाची तालीम" म्हणायचे. उन्हाळा चढू लागला.

आषाढात बेंदूर आला. आपल्याकडे कुठे कुठे पोळा असतो, तसा कृष्णाकाठी बेंदूर. बैलांना धुवायचं, शिंगं रंगवायची, पुरणपोळी चारायची. नेमका शुक्रवार होता. डॉक्टर सकाळी धोतर नेसून, फेटा बांधून फार्मवर आले. त्यांचा तो अवतार बघून गुल खानने सलाम ठोकला. पैलवानाला अंघोळ घातली, शिंगांना हिरवा रंग दिला, आणि वहिनींनी ट्रंकेतून आणलेला गेरू कालवून डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना आपल्या पंजाचे छाप उमटवले. वहिनींनी ओवाळलं. पैलवानाने पुरणपोळ्या इतक्या मन लावून खाल्ल्या की रॉयच्या मक्याला त्याने तेवढा मान कधी दिला नव्हता. सगळे खूष होऊन घरी जेवायला गेले.

आता आमच्या फार्मची एक पद्धत होती, रॉयने अमेरिकेच्या गुरांच्या बाजारातून आणलेली. विकलेल्या जनावराच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढायचा, म्हणजे कळपातून कुणाला गाडीत घालायचं ते ड्रायव्हरला विचारावं लागत नाही. ही पद्धत डॉक्टरांनाच सगळ्यात जास्त आवडली होती. नव्या ड्रायव्हरांना ते स्वतः शिकवायचे, लाल दिसलं की गाडीत. आणि बेंदराच्या आनंदात याच माणसाने स्वतःच्या हातांनी पैलवानाची पाठ लाल केली होती.

दुपारी गुल खानचा मला फोन आला. तो नमाजाला गेला होता तेवढ्यात हॉटेलच्या मालासाठी ट्रक येऊन गेला, ड्रायव्हर नवीन होता. "डॉक्टरसाब का पैलवान भी ट्रक में चला गया," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. पैलवानाला ओढावं लागलं नव्हतं. सकाळपासून सगळे खाऊ घालत होते, तो आपला आपण चढला असणार.

मी डॉक्टरांना घेऊन निघालो. ते धोतरातच होते, फेटा सुटून मांडीवर आला होता. गाडीत त्यांनी मला वेगाने चालवायलासुद्धा सांगितलं नाही. एकदाच म्हणाले, "मीच शिकवलं हो त्या ड्रायव्हरला, लाल दिसलं की गाडीत." मग थर्मामीटर हातात घेऊन बसून राहिले. मी त्या रस्त्यावर आयुष्यात कधी घेतली नव्हती तेवढी देवाची नावं घेतली.

कत्तलखान्याच्या फाटकाशी पोचलो तर आमचा ट्रक बाहेरच उभा. त्याच्यासमोर, फाटकाला आडवी, रॉयची पिकअप. आणि भिंतीच्या तुकडाभर सावलीत एका उलट्या बादलीवर रॉय बसलेला, हातात पैलवानाचा दोर. पैलवान त्याची हॅट चघळत होता. रस्त्याने जाताना रॉयला ट्रकच्या कठड्यावर हिरवी शिंगं दिसली होती. त्याने ट्रक गाठला, पण ड्रायव्हरला भाषा कळेना, म्हणून सरळ फाटक अडवून टाकलं होतं. आतून लोक ओरडत होते, बाहेर दोनचार गाड्या खोळंबल्या होत्या, आणि हा मऊ बोलणारा माणूस जागचा हलला नव्हता.

डॉक्टर त्याच्यासमोर उभे राहिले. रॉयच म्हणाला, "डॉक्टर, मला याला वजनकाट्यावर हरवायचंय. असं नाही."

डॉक्टरांनी त्याला मिठी मारली. गेरू, पुरण, हॅट सगळं एकमेकांना लागलं. रॉयला घरी घेऊन आले आणि वहिनींनी त्याला पुरणपोळी वाढली. तूप किती घ्यायचं ते त्याला माहीत नव्हतं, डॉक्टरांनी ते ठरवू दिलं नाही.

त्या ऑगस्टमध्ये अल ऐन भट्टीसारखं तापलं होतं. पाण्याचे फवारे दिवसभर चालू ठेवूनही रॉयची तांबडी वासरं शेडमध्ये जिभा बाहेर काढून धापा टाकत उभी असायची, चारा पुढे तसाच. रॉय त्यांच्याजवळ बसून राहायचा, स्वतःच्या हाताने भिजवलेला मका भरवायचा. लबाडी नव्हती त्यात, माया होती. पैलवानाची तालीम मात्र भर दुपारी बाहेर गवतावर, शेपट्या हलवत, जेवणावळीला बसल्यासारखी खात असायची.

काट्याच्या दिवशी अरबाब आले, धाकटा शेख आला. वजनं वाचायचं काम डॉक्टरांनी रॉयकडेच द्यायला सांगितलं. वासरू काट्यावर चढायचं, रॉय आकडा वाचायचा, मी लिहायचो. डॉक्टर काट्याकडे बघतच नव्हते, ते रॉयच्या चेहऱ्याकडे बघत होते. पैलवानाची वासरं जड भरताहेत हे अर्ध्यावरच सगळ्यांना कळलं होतं, पण रॉयने एकही वासरू न गाळता शेवटपर्यंत प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला. मग अरबाबांकडे वळून म्हणाला की पुढच्या मोसमापासून सगळ्या गाईंना हाच वळू द्यावा, आणि हे मी माझ्या पणजोबांना सांगणार नाही. मी ते अरबीत सांगताना "आमचा वळू" असं म्हणून गेलो. मी, डोंबिवलीचा. कुणी दुरुस्त केलं नाही. पुढे त्या संकरित जनावरांचं मांस हॉटेलांना पसंत पडलं, आचाऱ्यांची नाकं सरळ झाली आणि धाकट्या शेखने तो मिश्र कळप स्वतःचीच कल्पना असल्यासारखा पाहुण्यांना दाखवायला सुरुवात केली. डॉक्टरांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. ते फक्त पाहुण्यांना "बसा, सांगतो" म्हणायचे.

मला या माणसाचा अभिमान वाटतो. तिकडे आम्ही सगळे दुसऱ्याच्या मालाची राखण करायला गेलो होतो. दुसऱ्याच्या वाळूत उभं राहून आपल्या मातीचं काही ओळखणारा आणि ते ठासून सांगणारा माणूस मी तो एकच पाहिला.

डॉक्टर निवृत्त होऊन निघाले तेव्हा अरबाबांनी त्यांना बोलावून विचारलं, काय पाहिजे. डॉक्टर म्हणाले, पैलवान म्हातारा होईल तेव्हा त्याला गाडीत घालू नका, तो आपल्या जागेवर मरू द्या. त्या फार्मवर एकही जनावर कधी म्हातारं झालं नव्हतं. मी जरा चाचरतच भाषांतर केलं. उंट पाळणाऱ्या त्या माणसाला त्यामागचं कारण सांगावंच लागलं नाही. "इन्शाल्ला" म्हणून टाळता आलं असतं, तेही म्हणाले नाहीत. छातीवर हात ठेवून त्यांनी शब्द दिला.

निघायच्या सकाळी विमानतळाची गाडी दारात उभी होती. डॉक्टर कुंपणापाशी गेले, मागोमाग रॉय, जरा मागे मी. पैलवान पुढे आला. रॉय म्हणाला, तुम्हाला काय, आता गावी असे कळपच्या कळप बघायला मिळतील, आम्हाला हा एकच.

डॉक्टरांनी पैलवानाच्या गळ्याखाली हात घातला. मग म्हणाले, "गावी एकही नाही, रॉय. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. माझ्या गावात नाही, पलीकडच्या गावात नाही. मी शेवटचा बघितला तो हा."

रॉयने हॅट काढली. तो म्हणाला, "म्हणजे तुमची गुरं आम्ही सांभाळली."

"सांभाळली आणि खाल्ली."

"दोन्ही," रॉय म्हणाला.

"तरी राहिली," डॉक्टर म्हणाले. "आम्ही नुसती पुजली."

मग, कुणापुढे कधी मान न वाकवलेला तो माणूस, गुल खान, रॉय, ड्रायव्हर सगळ्यांच्या देखत वाळूत गुडघे टेकून बसला आणि त्याने पैलवानाच्या पुढच्या दोन्ही खुरांवर डोकं ठेवलं. पैलवान हलला नाही. डॉक्टर उठले, रॉयचा हात दोन्ही हातांत धरला, आणि पँटच्या गुडघ्यांना लागलेली वाळू न झटकता गाडीत जाऊन बसले.